घरभर एकच उजेड

रंगमास्तरांच्या घरातले दिवे बदलायचं मास्तरांनी ठरवलं नव्हतं, त्यांच्या दादाने ठरवलं होतं. आणि थोरल्या भावाने ठरवलेली गोष्ट ज्याला टाळायची असेल, त्याने मुळात धाकटं जन्माला येऊ नये.

निमित्त झालं आईच्या पडण्याचं. पडणं म्हणजे तरी काय, न्हाणीघराच्या उंबरठ्याला पाय अडकला, आई भिंतीला धरून सावरली, आणि त्यात मनगट मुरगळलं. लेप लावला, बरंही झालं. पण बातमी फोनवरून दादाकडे गेली होती, आणि फोनवरून गेलेली बातमी वाटेत फुगते. दादा मिळेल त्या गाडीने आला. बँकेतल्या मोठ्या हुद्द्यावरून तो निवृत्त झाला होता, तरी समोरच्याकडे तारण काय आहे हे बघायची त्याची सवय सुटली नव्हती. आईच्या मनगटावरून त्याने एकदा हात फिरवला आणि मग मान वर करून, छताकडे बघत, तो घरभर फिरला. शेवटी खुर्चीत बसून त्याने निकाल दिला.

"या घरात उजेड नाही. म्हातारं माणूस अंधारात ठेवलंयत तुम्ही. पुढच्या महिन्यात मी परत येतो. सुधारणा दिसली नाही, तर आईला मी माझ्याकडे घेऊन जाईन."

आईला कुणी काही विचारलं नाही. तिनेही काही म्हटलं नाही. पण दादा गेला त्या दिवशी ती जेवली नाही, आणि आई जेवली नाही की त्या घरात सगळ्यांना सगळं कळायचं. मास्तरांचं म्हणाल, तर ते पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. कारखान्यात दहाजण त्यांच्या हाताखाली. पण संध्याकाळी दार उघडल्यावर "आलास का?" हा आवाज आला नाही, तर त्यांना आपण चुकीच्या मजल्यावर आलोय असं वाटायचं. हे त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नसतं. म्हणून मी सांगतो.

आता "या घरात उजेड नाही" हे वाक्य दुसऱ्या कुणाला बोललं असतं तर चाललं असतं. मास्तर कापड रंगवायच्या कारखान्यात रंगजुळणी करायचे. गिऱ्हाईक चिंधीएवढा तुकडा देऊन जातं, म्हणतं हाच रंग हवा. मग भट्टीतून निघालेलं कापड त्या तुकड्याशी जुळलं की नाही, हे मास्तर सांगणार. त्यासाठी तिथे एक मोठी पेटी होती. आतून राखाडी, वर ठरावीक जातीचा दिवा. त्या दिव्याखाली मास्तर दोन कापडं शेजारी ठेवत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "नाही." त्या एका "नाही"वर ताग्यांचे तागे पुन्हा भट्टीत गेलेले आहेत. दोन किरमिजी रंगांत अर्ध्या केसाएवढा फरक त्यांना दिसायचा. बाकीचे लोक त्यांच्या मागे त्यांना "डोळे" म्हणत, आणि मास्तरांना ते ठाऊक होतं, आणि त्यांना ते आवडायचं. अशा माणसाला उजेडावरून बोलणं म्हणजे सोनाराला सोनं ओळखता येत नाही म्हणण्यासारखं होतं.

बरं, दादाचं अगदीच खोटंही नव्हतं. मास्तरांच्या घरात दिवे होते, पण ते कुणी निवडलेले नव्हते, साठलेले होते. बैठकीत पांढरी ट्यूब. स्वयंपाकघरात पिवळा गोळा. न्हाणीघरात कारखान्यातून बाद म्हणून आणलेला, निळसर झाक मारणारा दिवा. पॅसेजमध्ये हिरव्या काचेचा एक बारका दिवा, जो आधीचे भाडेकरू सोडून गेले होते आणि परत मागायला लाजले असावेत. आईच्या खोलीत गुलाबी टोपीचा टेबललॅम्प, आणि मास्तरांच्या झोपायच्या खोलीत तांबूस बल्ब. मास्तर त्या संध्याकाळी घरभर फिरले आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

"सहा खोल्या आणि सहा सूर्य," ते बायकोला म्हणाले. "चूक अंधाराची नाहीच. चूक आहे ती सरमिसळीची."

बायकोने त्यांना एवढंच विचारलं की स्वयंपाकघरातला गोळा पण जाणार का. मास्तरांनी तिला उशीचे अभ्रे आठवायला सांगितले. गेल्या वर्षी तिने पडद्याला जुळणारे अभ्रे आणले होते. बैठकीत जुळले, झोपायच्या खोलीत नेले तर पडदा हिरवा आणि अभ्रे शेवाळी. ही फसवणूक कापडाची नव्हे, दिव्याची असते, यावर मास्तर जेवण होईपर्यंत बोलले. सारांश असा की त्यांनी ठरवलं: एक घर, एक उजेड. कारखान्यातल्या पेटीत असतो तसाच, जागच्या जागी, सगळीकडे सारखा. सावली पडता कामा नये. म्हणजे मग कुणी अडखळणार नाही आणि दादाला बोलायला तोंड राहणार नाही.

सल्ले मात्र त्यांच्या या ठरावाची वाट बघत थांबले नव्हते. वरच्या मजल्यावर पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब राहायचे. ते इमारतीच्या समितीचे सचिव होते आणि पाण्याखेरीज सगळ्या विषयांतलं त्यांना कळायचं. त्यांनी जिन्यातच मास्तरांना गाठून सांगितलं की झोपायच्या खोलीत पांढरा दिवा लावला तर झोप उडते, जेवायच्या जागी लावला तर भूक मरते आणि न्हाणीघरात पिवळा लावला तर माणूस स्वच्छ झाल्याचं समाधान मिळत नाही. कारखान्यातले एकजण म्हणाले, दिवा भिंतीवर, कधीच छतावर नाही. दुसरे म्हणाले, छतावर, भिंतीवर तर फोटो असतात. मास्तरांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. ज्या माणसाने स्वतःचं ठरवलेलं असतं, तोच असं शांतपणे ऐकू शकतो.

दिव्यांच्या दुकानात मात्र त्यांची शांती टिकली नाही. त्या दुकानात यच्चयावत सगळे दिवे एकाच वेळी लावलेले असत. मास्तरांनी खिशातून पांढऱ्या कापडाची पट्टी काढली, एका दिव्याखाली धरली आणि दुकानदाराला बाकीचे सगळे दिवे बंद करायला सांगितलं. दुकानदाराला आधी ही थट्टा वाटली. मग मास्तरांचा चेहरा बघून त्याने बंद केले. मग दुसरा दिवा, पुन्हा बाकीचे बंद. असं करता करता भरबाजारात ते एकच दुकान काळोखात बुडालं. येणारी गिऱ्हाइकं बाहेरूनच बघायची आणि दिव्यांच्याच दुकानातली वीज गेलीय म्हणून हळहळत पुढे जायची. आत काळोखात दुकानदार मास्तरांना कळवळून सांगत होता की साहेब, लोक दिवा निवडताना दिव्याची टोपी बघतात, फार तर दांडी बघतात. मास्तर म्हणाले, मी उजेड बघतो. हे वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडलं आणि घरी आल्यावर त्यांनी ते बायकोला दोनदा सांगितलं.

मग वायरमन आला. हा वायरमन शिडीवर चढला, बैठकीतल्या ट्यूबमागची पाटी काढली, आत डोकावला आणि जगातला प्रत्येक वायरमन जे म्हणतो तेच म्हणाला, "हे कुणी केलंय?" मग पुढची सगळी सकाळ तो त्या अज्ञात माणसाच्या अकलेचे वाभाडे काढत होता. आईने आतून विचारलं, गेल्या खेपेला तूच आला होतास ना रे, आवाज तोच वाटतो. वायरमन पुन्हा आत डोकावला आणि म्हणाला, तेव्हा माल चांगला मिळत नव्हता. त्यानंतर भोकं पाडणं सुरू झालं. दुपारी भोकं पाडायला समितीची बंदी होती, एरवी सकाळी वायरमनला वेळ नव्हता, आणि संध्याकाळी मास्तर घरी असले की ते शिडीच्या खाली उभे राहून दिवा बोटभर डावीकडे घ्यायला सांगत. एक भोक चुकलं तेव्हा वरच्या साहेबांच्या मोरीत पाणी जायचं थांबलं. खुद्द पाणीपुरवठ्याच्या माणसाचं पाणी तुंबवलं, यावर समितीची खास बैठक झाली आणि मास्तरांना तिथे उभं राहून दिलगिरी व्यक्त करावी लागली. खुर्ची कुणी दिली नाही. हे त्यांच्या फार मनाला लागलं.

पण काम पुरं झालं, आणि ज्या संध्याकाळी सगळे दिवे एकदम लागले त्या संध्याकाळी मास्तर तो अपमान विसरले. घरात उजेड म्हणजे काय उजेड होता. कोपरे नाहीसे झाले. माणसाला सावली उरली नाही. मास्तर पांढरी पट्टी हातात धरून या खोलीतून त्या खोलीत गेले आणि पट्टीचा रंग तसूभरही बदलला नाही. वरचे साहेब तक्रार करायला म्हणून खाली आले आणि तोंड उघडं टाकून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी चारजण आणले. मास्तर त्यांना पट्टी दाखवत घर हिंडवत होते. समितीत मिळाली नाही ती खुर्ची त्यांना जणू आता मिळाली होती.

घरच्या माणसांना त्या उजेडात राहावं लागत होतं, ही गोष्ट वेगळी. बायकोला आरशात आपल्या डोक्यावर कधी न दिसलेले केस दिसले आणि तिने आरशासमोर उभं राहणं सोडलं. भिंतीवरचा प्रत्येक डाग बोलायला लागला. चहा तर भांडी विसळलेल्या पाण्यासारखा दिसायचा. चव तीच होती, पण पिताना डोळे मिटावे लागत. मास्तर म्हणायचे, चहाचा खरा रंग हाच आहे, आजवर तू फसत होतीस. बायको म्हणायची, मला फसू द्या.

आणि आई चुकायला लागली. पहिल्यांदा ती पंचा खांद्यावर टाकून अंघोळीला म्हणून स्वयंपाकघरात आली आणि ओट्यापाशी उभी राहिली. बायको हसली, आईही हसली. मग एकदा ती दुपारी मास्तरांच्या पलंगावर झोपलेली सापडली. बेल वाजली म्हणून दार उघडायला गेली आणि तिने कपाट उघडलं. दर वेळी ती काहीतरी कारण सांगायची: विचारात होते, चष्मा नव्हता, झोप झाली नाही. मग ती फिरेनाशीच झाली. सकाळपासून आपल्या पलंगाच्या कडेवर बसून राहायची, हात मांडीवर. मास्तरांना वाटलं, वय झालं. मनातल्या मनात त्यांनी त्यापुढचंही धरलं होतं, की आईचं डोकं चालेनासं झालंय. आणि ते बोलायची त्यांची हिंमत होत नव्हती.

ठरल्याप्रमाणे दादा आला. दारात पाय ठेवताच त्याने डोळ्यांवर हात धरला आणि मग मान डोलावली. खोल्या पाहिल्या, छत पाहिलं, पट्टीसुद्धा पाहिली. "याला म्हणतात घर," असं तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा दादाने त्यांना पैकीच्या पैकी दिले होते. मास्तरांना भरून आलं. आईलाही बरं वाटलं असावं, कारण ती उठली आणि म्हणाली, थांब, तुला पाणी आणते. बायको उठू लागली तर आईने तिला खाली बसवलं. ती पॅसेजमधून आत गेली. बराच वेळ झाला. मग आतून तिचा आवाज आला, घाबरलेला.

"अगं, भांडी कुठे हलवलीस सगळी?"

आई न्हाणीघरात उभी होती. भिंत चाचपत होती.

दादाने तिला हाताला धरून आणलं, पलंगावर बसवलं, आणि मास्तरांना गॅलरीत बोलावून हळू आवाजात सांगितलं की ही विसरायला लागली आहे. तुम्ही दोघं दिवसभर कामावर. उद्या गॅस सुरू ठेवला तर? त्याच्या शहरात मोठे डॉक्टर आहेत, दिवसभर घरात बाई ठेवता येईल. पुढच्या रविवारी तो गाडी घेऊन येईल. दादाचा आवाज या वेळी बँकेतला नव्हता, आणि म्हणूनच मास्तरांनी नुसती मान हलवली. उजेडाची परीक्षा ते पास झाले होते आणि आई हरली होती.

मास्तरांनी आठवडाभर रजा टाकली. करायचं काहीच नव्हतं, फक्त आईजवळ बसायचं होतं. ती आपले कपडे घडी करून पिशवीत भरत होती आणि ते तिला मदत करायच्या नावाखाली पुन्हा बाहेर काढून नीट घडी घालत होते. अशात एका सकाळी त्यांना स्वयंपाकघरातून पिवळा उजेड येताना दिसला. जाऊन बघतात तर बायकोने बंडच केलं होतं. माळ्यावरचा जुना गोळा काढून तिने ओट्यावर टांगला होता, मास्तरांचा दिवा बंद केला होता, आणि ती आपला चहा नीट बघून गाळत होती. मास्तरांचं पित्त खवळलं. सगळ्या घराचा मेळ त्या एका गोळ्याने बिघडला होता. ते स्टूल घेऊन आले, वर चढले आणि गोळ्याला हात घातला.

मागे चाहूल लागली. आई दारात उभी होती. पलंगावरून उठून, कुणाचा हात न धरता, पॅसेज ओलांडून सरळ इथे आली होती.

"तो नको काढूस," आई म्हणाली. "मला तेवढं एकच स्वयंपाकघर राहिलंय."

मास्तर स्टुलावरच उभे राहिले. हातात गरम गोळा होता, तरी त्यांना हात काढायचं सुचलं नाही.

"मला खोल्या दिसत नाहीत रे," आई सांगत होती. "धुकं दिसतं. पिवळं धुकं म्हणजे स्वयंपाकघर. निळं म्हणजे न्हाणीघर. हिरवं लागलं की कळायचं, पॅसेज आला, आता डावीकडे वळलं की माझी खोली. तू सगळं धुकं सारखं करून टाकलंस."

"किती दिवस झाले याला?"

"झाले बरेच. सांगितलं असतं तर दादाला कळलं असतं. मग त्याने नेलंच असतं मला."

मास्तर स्टुलावरून उतरले आणि स्टुलावरच बसले. अर्ध्या केसाचा फरक बघणारा हा माणूस. त्याच्या घरात, रोज त्याच्या समोर ताट ठेवणाऱ्या बाईची नजर चालली होती आणि ते काही त्याला दिसलं नव्हतं. मास्तर रडले. बायकोने गॅस बंद केला आणि तीही तिथेच उभी राहिली. आई म्हणाली, अरे रडतोस काय, गोळा नीट बसव आधी, लुकलुकतोय तो.

त्याच दिवशी ते आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून सांभाळायची. डोकं मात्र एकदम ठणठणीत आहे. आईने डॉक्टरांनाच त्यांची फी जास्त असल्याचं सुनावलं होतं. तिथून दोघं परस्पर दिव्यांच्या दुकानात गेले. मास्तरांना लांबून येताना बघून दुकानदाराने शटर अर्ध्यावर ओढलं, पण आई वाकून त्याच्या खालून आत शिरली. मग काय करणार.

या वेळी मास्तरांनी पट्टी काढली नाही. आई दुकानाच्या मधोमध उभी राहिली आणि बोट दाखवत गेली. हा न्हाणीघराला. हा माझ्या खोलीत. हा तुमच्या खोलीत, म्हणजे चुकून शिरणार नाही. दुकानदार विचारत होता की आजी, टोपी कुठली आवडेल, आणि आई म्हणत होती, टोपी तुझ्या डोक्यावर घाल. पॅसेजसाठी तिने हिरवा नाकारला. हिरवा आता पुसट व्हायला लागला होता, तिने हे कुणी न विचारताच सांगितलं. तिने लाल घेतला. लाल म्हणजे लालभडक, सायंकाळी रस्ता अडवायला लावतात तसा. मास्तरांनी डोळे बारीक केले. आयुष्यभर त्यांनी असल्या लालला "नाही" म्हटलं होतं. ते म्हणाले, "बांधून द्या."

वायरमन पुन्हा आला. शिडीवर चढला, पाटी काढली, आत बघितलं. "हे कुणी केलंय?" मास्तरांनी त्याला सांगितलं की ते आपण दोघांनी मिळून केलंय, आणि आता गप्प बसून काढ.

लाल दिवा लागला आणि त्या संध्याकाळीच दारावरच्या झरोक्यातून तो जिन्यात पसरला. वरचे साहेब ताबडतोब खाली आले. जिन्यात लाल दिवा फक्त आणीबाणीचा असू शकतो, असा समितीचा नियम होता; उद्या आग लागली तर लोक मास्तरांच्या घरात घुसतील. मास्तर म्हणाले, "लिहून घ्या, आमच्या घरात आणीबाणीच आहे." साहेब चिडले, नियमाचा क्रमांक सांगू लागले. तेवढ्यात आई त्या लाल उजेडातून, हातात वाटी घेऊन, चालत पलीकडे गेली. इतके दिवस तिला पलंगावर बसलेलीच पाहणारे साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मास्तरांना सांगितलं की झरोक्याला पुठ्ठा लावला तर नियमात बसेल. पुठ्ठा त्यांनी स्वतःच वरून आणून दिला.

रविवारी दादा गाडी घेऊन आला. बैठकीत पांढरं, पॅसेजमध्ये लाल, पलीकडे पिवळं, आणि न्हाणीघराच्या दारातून गडद निळं. तो एकदम खवळला.

"हे काय चालवलंयस तू? सर्कस आणलीय का घरात?"

मास्तर तोंड उघडणार, तर आईने हात वर करून त्यांना थांबवलं. ती उठली, लालमधून गेली, पिवळ्यातून पाण्याचा पेला घेऊन आली आणि एक थेंब न सांडता तिने तो दादाकडे धरला. दादाकडे म्हणजे जवळपास. तो पेला तिने रिकाम्या खुर्चीकडे धरला होता आणि दादा त्याच्या शेजारी उभा होता. दादाने तो हळूच घेतला. मग आईने त्याला सगळं सांगितलं, पलंगावर बसून, एकही शब्द न लपवता. दादाला ते समजायला वेळ लागला नाही, पण गिळायला लागला.

"म्हणजे तुला दिसतच नाही," तो म्हणाला. "मग तर आता चलच तू. तिथे सगळं आहे. डॉक्टर आहेत, बाई ठेवू. हे असले रंगीत दिवे तिथेही लावीन मी, हवे तेवढे."

"दिवे लावशील रे. पण तुझ्या घरात दिव्यामागे काय आहे ते मला कुठे ठाऊक आहे?" आई म्हणाली. "तुझ्या घरी मी आंधळी होईन. इथे मला नुसतं कमी दिसतं."

दादाने पाण्याचा पेला खाली ठेवला. एवढा मोठा माणूस, पण त्याचा चेहरा उतरला होता. मास्तरांना त्याची कणव आली. आई आपल्याकडे राहावी असं आपल्यालाच वाटतं, असं ते आजवर धरून चालले होते.

"मग मी काय करायचं?" दादा म्हणाला. "मी तुझा कुणीच नाही का?"

"तू येत जा," आई म्हणाली. "आणि येताना हा पांढरा सदरा घालून येऊ नकोस. भिंतीत मिसळून जातोस. मला सापडत नाहीस."

दादाने आपल्या सदऱ्याकडे पाहिलं. बँकेत जन्म गेल्यामुळे त्याच्याकडे दुसऱ्या रंगाचा कपडाच नव्हता. तो जेवला, आईच्या डोळ्यांत थेंब कसे घालायचे ते त्याने शिकून घेतलं, आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला.

नंतर एकदा कारखान्यात मास्तरांना फोन आला. दादा कापडाच्या दुकानातून बोलत होता. त्याने आधी हवापाण्याची चौकशी केली. मग खाकरून, इकडचं तिकडचं बोलून, धाकट्या भावाला जन्मात पहिल्यांदा काहीतरी विचारलं: "रंग कुठला घेऊ रे?" मास्तरांनी डोळे मिटले, आपली बैठक डोळ्यांसमोर आणली, आईची खुर्ची, समोरची भिंत, दार. पेटीची त्यांना गरज लागली नाही. त्यांनी सांगितलं, नारिंगी घे. दुकानात असेल नसेल तेवढा भडक. दादाने तिकडे दुकानदाराला भाव विचारला. मग तो म्हणाला, बरं.

पुढच्या महिन्यात दादा आला तेव्हा जिन्यात वरच्या साहेबांनी त्याला ओळखलं नाही. छातीशी पिशवी घट्ट धरून, खाली मान घालून तो मास्तरांच्या उघड्या दारात उभा राहिला. बेल वाजवू की नको, अशा विचारात होता. पिशवी त्याने बाजूला घेतली. खुर्चीत बसलेल्या आईने मान वर केली, सरळ त्याच्याकडे, आणि म्हणाली,

"दादा, आज उशीर केलास रे."